आकडे नकोत, असे काम कोणते?

या वेळी निवडलेली चारही पत्रे एकाच अडचणीभोवती फिरणारी आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा मजकूर वगळला असून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी २४ वर्षांची पदवीधर आहे. लिहिणे, बोलणे, समोरच्याला एखादी गोष्ट समजावून सांगणे हे मला सहज जमते. आकडे मात्र लहानपणापासून जमले नाहीत. पाढे कधीच पाठ झाले नाहीत, काट्यांच्या घड्याळात वेळ पाहताना अजूनही थांबून विचार करावा लागतो आणि फोनवर कोणी क्रमांक सांगितला की माझ्या हातून छत्तीसचे त्रेसष्ट होतात. सध्या मी एका कार्यालयाच्या स्वागतकक्षात काम करते आणि तिथे रोज अशा चुका होतात. घरचे म्हणतात, ‘सराव कर, येईल.’ ज्यात आकड्यांचा संबंधच येणार नाही असे क्षेत्र कृपया सुचवावे.

उत्तर : आकड्यांचा संबंधच येत नाही असे क्षेत्र अस्तित्वात नाही, हे आधीच सांगितलेले बरे, कारण त्याच्या शोधात माणसे बरीच वर्षे घालवतात आणि शेवटी भलत्याच जागी जाऊन पोहोचतात. नर्तकाला मात्रा मोजाव्या लागतात, संपादकाला पानांचा हिशेब ठेवावा लागतो आणि समुपदेशकालाही पन्नास मिनिटांची भेट पन्नास मिनिटांत संपवावी लागते. मात्र प्रत्येक कामात आकडा वेगळ्या रूपात समोर येतो आणि त्या सगळ्या रूपांत तो तुम्हाला सारखाच छळत असेल, असे नाही. म्हणून क्षेत्राचे नाव शोधण्याआधी आपले घोडे नेमके कुठे पेंड खाते, ते पाहावे.

तुमच्या पत्रातच त्याचे धागे आहेत. फोन क्रमांक किंवा खोलीचा क्रमांक ही खरे पाहता संख्या नसतेच. ते आकड्यांत लिहिलेले नाव असते. त्यात लहान-मोठे काही नसते, असतो तो फक्त क्रम, आणि तुमचा घोटाळा होतो तो ऐकलेला क्रम कागदावर उतरवताना. यात आपल्या भाषेचाही हातभार आहे : ‘छत्तीस’ म्हणताना सहा आधी ऐकू येतो आणि लिहिताना तीन आधी लिहावा लागतो. जर्मन आणि डच भाषांतही दोन अंकी संख्या अशाच उलट क्रमाने बोलल्या जातात. पाढे पाठ न होणे ही स्मरणातून चटकन उत्तर काढण्याची अडचण आहे, तर काट्यांचे घड्याळ वाचताना एकाच तबकडीवरच्या खुणा तासांसाठी एका मापाने आणि मिनिटांसाठी दुसऱ्या मापाने वाचाव्या लागतात. या तीन अडचणी वेगवेगळ्या आहेत, आणि एखाद्या खर्चाचा अंदाज अवाजवी आहे की रास्त, हे तुम्हाला ओळखता येते की नाही याबद्दल त्यांतली एकही काही सांगत नाही. कदाचित ते तुम्हाला उत्तम ओळखता येत असेल.

एक आठवडाभर जवळ एक लहान वही ठेवावी. आकड्याशी गाठ पडली की तो ऐकलेला होता की लिहिलेला, घाई होती का, कोणी समोर उभे राहून पाहत होते का, आणि चूक झाली असती तर ती पुढे जाण्याआधी दुरुस्त करता आली असती का, एवढे टिपावे. आवडीनिवडीच्या चाचण्या तुम्हाला काय करायला आवडेल हे सांगतील. पण आकड्याचा कोणता प्रकार तुम्हाला अडवतो हे त्यांतून कळत नाही, ते या वहीतूनच कळेल.

आता ‘सराव कर, येईल’ या सल्ल्याविषयी. तो काहींच्या बाबतीत खरा असतो आणि काहींच्या बाबतीत निष्ठुर ठरतो, कारण आकडे न जमण्यामागे निदान तीन वेगळी कारणे असू शकतात. पहिले कारण शिक्षणातली पोकळी : अपूर्णांक शिकवले गेले तेव्हा मूल आजारी होते किंवा शाळा बदलली होती, पाया कच्चा राहिला आणि पुढचे सगळे त्यावरच रचले गेले. इथे सराव उपयोगी पडतो, मग वय काहीही असो. दुसरे कारण गणिताची धास्ती. मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की धास्ती असलेल्यांच्या डोक्यात तात्पुरती माहिती धरून ठेवण्याची जी जागा असते, ती आकडेमोड करताना धास्तीनेच अडवली जाते. त्यामुळे हातचा धरावा लागणाऱ्या बेरजा त्यांना विशेष जड जातात. अशा माणसाला घड्याळ लावून सराव करायला बसवणे म्हणजे धास्तीत भर घालणेच होय.

तिसरे कारण डिस्कॅल्क्युलिया, म्हणजेच गणनअक्षमता. मेंदूची संख्या हाताळण्याची घडणच जन्मतः वेगळी असते आणि तिचा एकूण बुद्धिमत्तेशी संबंध नसतो. चेकोस्लोव्हाकियाचे मानसशास्त्रज्ञ लादिस्लाव कोश्च यांनी १९७४ मध्ये या अवस्थेवर लिहिलेल्या निबंधामुळे तिच्या पद्धतशीर अभ्यासाला चालना मिळाली. आज तिचे प्रमाण साधारणपणे ३ ते ७ टक्के मानले जाते. टेबलावर तीन पेने पडलेली असतील तर बहुतेकांना ती न मोजता ‘तीन’ दिसतात, पण ही अडचण असलेली कित्येक माणसे तीही मनातल्या मनात एक, दोन, तीन अशी मोजतात. पाढे, घड्याळ आणि उलटे होणारे अंक हे तुम्ही सांगितलेले त्रिकूट पाहता मानसशास्त्रज्ञाकडून एकदा रीतसर तपासणी करून घ्यावी असे वाटते. मोबाइलवरच्या दहा प्रश्नांच्या चाचणीवर विसंबू नये. अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत या अडचणीची नोंद विशिष्ट अध्ययन-विकाराचा एक प्रकार म्हणून केलेली आहे, आणि निदान करण्यापूर्वी नेमकी मदत मिळूनही अडचण किमान सहा महिने टिकली आहे का, हे पाहिले जाते.

तुमच्यासाठी कोणते काम, या मूळ प्रश्नाकडे येतो. ऐकलेले क्रमांक ताबडतोब लिहिणे ही तुमची सर्वांत दुखरी जागा दिसते आणि स्वागतकक्षाचे निम्मे काम तेच असते. म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही कमीत कमी योग्य आहात, नेमके तेच काम तुमच्या वाट्याला आले आहे. त्यावरून सगळ्याच कामांचा अंदाज बांधू नये. भाषेच्या क्षेत्रातही निवड करताना हाच चाळणीचा नियम लावावा. दुभाषाचे काम तुम्हाला मोहवील, पण भाषण चालू असतानाच भाषांतर करणाऱ्या कसलेल्या दुभाषांनाही आकडे हे सर्वांत निसरडे ठिकाण वाटते. कानावर आलेला आकडा पुढच्या क्षणी तोंडातून बाहेर पडावा लागतो. लेखी भाषांतरात मात्र तोच आकडा कागदावर स्थिर असतो, तो तुम्ही चारदा ताडून पाहू शकता. संपादन, मुद्रितशोधन, आशयलेखन, भाषाशिक्षण, समुपदेशन, वाचा-भाषा उपचार, कार्यालयातील प्रशिक्षण विभाग या कामांत तुमचे बलस्थान दिवसभर उपयोगी पडेल आणि आकडा भेटला तरी तो बहुधा लिहिलेला असेल. (प्रशिक्षणापासून वेतन विभाग मात्र फार लांब नसतो, नेमणूकपत्र नीट वाचावे.)

ग्रंथालयाचे काम आकडेमुक्त समजले जाते, पण तेथील कपाटे आकड्यांवरच चालतात. मेलविल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणात ५९८.१२ क्रमांकाचे पुस्तक ५९८.२ च्या आधी लागते, आणि बारा हे दोनपेक्षा मोठे म्हणून ते नंतर लावणारे नवखे कर्मचारी पुष्कळ असतात. तरीही हे काम तुमच्या यादीतून मला काढावेसे वाटत नाही. तिथे मोजायचे काही नसते. टिंबानंतरचा एकेक अंक डावीकडून ताडत गेले की क्रम लागतो, पुस्तक हातात असते आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला कोणी खोळंबलेले नसते.

आणखी एका सापळ्याची जाणीव करून द्यायला हवी. ‘कलेत आकडे नसतात, कलाकार व्हा’ असे सांगणारे पुष्कळ भेटतील. चित्र काढताना आकडे नसतील. पण स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या चित्रकाराला दर ठरवणे, बिले पाठवणे, येणी वसूल करणे, करविवरण भरणे हे सगळे स्वतःच करावे लागते, आणि पगारी नोकरीतल्या चित्रकारासाठी तेच काम लेखा विभाग करतो. एकाच कौशल्याच्या दोन रूपांत आकड्यांचे ओझे इतके वेगळे असू शकते. सुरुवात नोकरीने करावी आणि स्वतंत्र व्हायचेच झाले तर हिशेबनिसाचा खर्च पहिल्या दिवसापासून धरून चालावे.

अशा पत्रांना उत्तर देताना मायकेल फॅरडे यांचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. त्यांना वरचे गणित येत नव्हते, तरी वीज आणि चुंबकत्वाविषयीचे त्यांचे शोध अजोड ठरले. या उदाहरणातून ‘तुम्हीही फॅरडे व्हाल’ असा अर्थ काढण्यात हशील नाही. त्यातला मला उपयोगी वाटणारा भाग वेगळा आहे : फॅरडे यांनी मनात पाहिलेल्या बलरेषांना जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी गणिताची भाषा दिली, आणि १८५७ मध्ये फॅरडे यांनी त्यांना पत्र लिहून, गणितातून निघालेले निष्कर्ष साध्या भाषेतही मांडता येणार नाहीत का, असे विचारले. आपल्याला जे येत नाही ते येणाऱ्या माणसाशी नाते जोडणे आणि त्याला न संकोचता विचारणे, हेही कामाचे कौशल्यच आहे.

नवे काम मिळेपर्यंत फोनवरच्या माणसाला क्रमांक एकेक अंक सुटा करून सांगायला सांगावे. ‘छत्तीस’ऐवजी ‘तीन, सहा’ असे ऐकले की उलटापालट व्हायला जागाच राहत नाही. लिहून झाले की तो वाचून दाखवावा, आणि शक्य असेल तिथे ‘कृपया संदेश करून पाठवा’ असे सरळ सांगावे.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा आहे. आजारी आजोबांची दोन वर्षे सेवा केली तेव्हा परिचर्येचे शिक्षण घ्यावे असे मनाने घेतले. टक्केवारी आणि दशांश चिन्ह पाहिले की मात्र मी गोंधळतो. हा मार्ग माझ्यासाठी बंद आहे का?

उत्तर : बंद आहे असे म्हणता येणार नाही, पण इथे गोड बोलून भागणार नाही. परिचारकाच्या कामात गणित थोडेच असते, मात्र ते चुकले तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. दशांश चिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट होते किंवा दहावा हिस्सा उरते. म्हणूनच औषधाची मात्रा लिहिताना अर्धा मिलिग्रॅम ‘०.५’ असाच लिहावा, टिंबाआधीचे शून्य गाळू नये, आणि पाच मिलिग्रॅमसाठी ‘५.०’ असे कधीही लिहू नये, असा सुरक्षिततेचा नियम आहे; टिंब पुसट झाले तर पहिल्याचे पाच आणि दुसऱ्याचे पन्नास होतात.

दिलासा देणारी गोष्ट ही, की या हिशेबांचे प्रकार मोजकेच आहेत आणि ते पुन्हा पुन्हा तेच येतात. डॉक्टरांनी ७५ मिलिग्रॅम लिहून दिले आहे आणि कुपीत २ मिलिलीटरमध्ये ५० मिलिग्रॅम औषध आहे, तर किती घ्यायचे? ७५ ला ५० ने भागून २ ने गुणले की ३ मिलिलीटर येतात. पण त्याआधी स्वतःला विचारावे, की उत्तर कुपीएवढे यायला हवे, कमी की जास्त? पंच्याहत्तर हे पन्नासाहून जास्त, म्हणजे २ मिलिलीटरहून जास्त. पण शंभराहून कमी, म्हणजे दोन पूर्ण कुप्यांहून कमी. हा अंदाज तुम्हाला बांधता येत असेल तर उरलेले काम यंत्र करील. तसेच शिरेतून ५०० मिलिलीटर द्रव ४ तासांत द्यायचा असेल तर तासाला १२५ मिलिलीटर हा वेग पंपावर लावायचा असतो. इन्शुलिनसारख्या जोखमीच्या औषधांची मात्रा दुसऱ्या परिचारकाने स्वतंत्रपणे तपासण्याची पद्धत अनेक रुग्णालयांत आहे. ज्यांचे गणित उत्तम आहे त्यांच्यासाठीही ती आहे, त्यामुळे तपासणी मागण्यात कमीपणा नाही.

प्रवेश घेण्याआधी अशी पन्नासेक उदाहरणे एखाद्या जाणकाराजवळ बसून सोडवून पाहावीत. उत्तर चुकणे ही फार मोठी बाब नाही. तीनऐवजी तीस आले तरी ते तुम्हाला खटकत नसेल, तर मात्र औषध देण्याची जबाबदारी असलेले काम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही आजारी माणसाजवळ बसण्याची तुमची ओढ वाया जायचे कारण नाही. व्यवसायोपचार, वाचा-भाषा उपचार, रुग्णालयातील समाजकार्य, अखेरच्या टप्प्यातील रुग्णांचे आणि कुटुंबीयांचे समुपदेशन या कामांत औषधाची मात्रा ठरवावी लागत नाही, आणि तुम्ही दोन वर्षांत जे शिकलात ते तिथे पहिल्या दिवसापासून लागते.

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. गणितात सतत नापास होतो. पण लाकडाचे काम त्याच्या हातात आहे. स्टूल, मांडणी, खोका, सगळे स्वतः करतो. सुतारकामाला मापे लागतात, मग गणित येत नसेल तर तो यात पुढे कसा जाणार?

उत्तर : मापणे आणि आकडेमोड करणे यांत मोठे अंतर आहे, आणि तुमच्या मुलाने बहुधा ते आपल्या हाताने शोधून काढलेले आहे. तो काम करत असताना एकदा शेजारी बसून पाहावे. कसलेले कारागीर बरीचशी मापे आकड्यांत आणतच नाहीत. एक लांब पट्टी घेऊन तिच्यावर कप्प्यांच्या उंचीच्या खुणा केल्या जातात आणि त्याच खुणा पट्टीवरून थेट प्रत्येक फळीवर उतरवल्या जातात. ‘चाळीस पूर्णांक सात’ असा आकडा कुठे उच्चारावाच लागत नाही, त्यामुळे तो चुकीचा ऐकण्याचा किंवा लिहिण्याचा प्रश्नच येत नाही. चौकट काटकोनात आहे का हे पाहायचे असेल तर एका कर्णावर काठी ठेवून खूण करायची आणि तीच काठी दुसऱ्या कर्णावर लावायची. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील आणि दोन्ही कर्णांवर खूण जुळली, तर चौकट सरळ आहे.

त्याला एक गंमत करून दाखवायला सांगावी. १७.३ सेंटिमीटर रुंदीच्या फळीचे पाच समान भाग करायचे आहेत. भागाकार करत बसण्याऐवजी मोजपट्टी फळीवर तिरकी अशी ठेवावी, की शून्याची खूण एका कडेवर आणि विसाची खूण दुसऱ्या कडेवर येईल. मग ४, ८, १२ आणि १६ वर टिंबे द्यावीत आणि त्या टिंबांतून कडांना समांतर रेघा ओढाव्यात. पाच भाग तंतोतंत समान होतात. समरूप त्रिकोणांचा जो सिद्धान्त तो वर्गात लिहू शकत नाही, तोच इथे त्याच्या हातून सिद्ध होतो. गणिताच्या शिक्षकांना हे एकदा दाखवावे. चांगला शिक्षक त्यातून पुढचा पाठ काढील.

पुढच्या वाटांबद्दल थोडे सावध राहावे. वास्तुरचना किंवा अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी गणित बहुतेक ठिकाणी अनिवार्य असते, तेव्हा त्या दिशेने ढकलू नये. फर्निचर, लाकडी वाद्ये, रंगमंचाचे नेपथ्य, वास्तूंच्या लहान प्रतिकृती, जुन्या लाकडी वस्तूंची डागडुजी या कामांत हात आणि नजर यांना अधिक मोल आहे. त्याची खरी अडचण येईल ती गिऱ्हाइकाला अंदाजपत्रक देताना आणि लाकूड किती मागवायचे हे ठरवताना. त्यासाठी ठरावीक तक्ता संगणकावर एकदा कोणाकडून तरी करून घेता येतो. लांबी, रुंदी आणि नग भरले की बाकीचे तो तक्ता करतो. आपला मुलगा नापास होतो एवढेच घरात रोज बोलले जात असेल, तर ते बोलणे मात्र आजपासून कमी करावे.

प्रश्न : मला गणनअक्षमतेचे रीतसर निदान झाले आहे. मुलाखतीत ते सांगावे का? भरतीच्या संख्यात्मक चाचणीतच मी गळतो.

उत्तर : चाचणीत गळत असाल तर चाचणीच्या आधीच सांगावे लागेल, कारण नंतर सांगून उपयोग नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात ‘वाजवी सोयी’ची व्याख्या केलेली आहे आणि अनेक देशांच्या कायद्यांत ती कल्पना आलेली आहे, जादा वेळ, गणकयंत्राची मुभा किंवा पर्यायी चाचणी ही अशा सोयींची उदाहरणे होत. तुमच्या बाबतीत कोणती सोय लागू होते हे अर्ज करतानाच लेखी विचारावे आणि निदानाचा दाखला जोडावा. मात्र ज्या पदाचे रोजचे काम आकडेमोडीचेच आहे, तिथे सोय मागून आत शिरण्यात अर्थ नाही. ती चाचणी तुम्हाला पुढे येणाऱ्या दिवसांचा नमुना दाखवत असते.

चाचणी नसेल आणि फक्त मुलाखत असेल, तर निदानाचे नाव सांगणे किंवा न सांगणे ही तुमची मर्जी. सांगायचे ठरवलेच, तर अडचण, तिच्यावरचा तुमचा उपाय आणि तुमची अपेक्षा या तीन गोष्टी एका दमात सांगून मोकळे व्हावे : ‘तोंडी सांगितलेले आकडे माझ्याकडून उलटे होऊ शकतात, म्हणून मी ते नेहमी लेखी घेतो आणि पाठवण्याआधी एकदा ताडून पाहतो, बैठकीतले आकडे मला नंतर मेलने मिळाले तर कामात अडचण येत नाही.’ एवढे बोलून झाले की आपल्या केलेल्या कामांचे नमुने समोर ठेवावेत आणि बोलणे त्यांच्याकडे वळवावे.